व्हायोलिनची खुंटी घेताना आधी भोक मोजा

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत माझ्याकडे दुरुस्तीला जेवढी व्हायोलिनं आली, त्यातली निम्मी तरी एकच तक्रार घेऊन आली. ‘काका, खुंटी राहत नाही.’ बहुतेक वेळा आणणाऱ्याच्या हातात चार नव्या खुंट्यांची पुडीही असते. काळ्याभोर, चकचकीत, डोक्यावर शिंपल्याचा पांढरा ठिपका. मी पुडी न उघडता बाजूला ठेवतो आणि जाडी मोजायचा व्हर्नियर काढतो. माणूस थोडा नाराज होतो. पण पाय घरी ठेवून चपला आणायला गेल्यासारखाच हा प्रकार आहे.

मी काही वाद्यं बनवणारा कारागीर नाही. बडोद्याच्या एका कारखान्यात हत्यारं-साचे करायच्या टूलरूममध्ये नोकरी केली, लेथवर हात काळे केले आणि दुपारपाळी नसेल त्या संध्याकाळी सुरसागरच्या काठी संगीत महाविद्यालयात व्हायोलिन शिकायला गेलो. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपवून जी गायनशाळा काढली, तिचंच हे वाढलेलं रूप. तिथे कुणाचीही खुंटी सुटली की ‘तू टूलरूमवाला ना, बघ जरा’ म्हणून माझ्यापुढे सरकवायचे. तिथून सुरू झालेलं हे काम निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर येऊन स्थिरावलं.

खुंटी म्हणजे तिरका उतार असलेला एक दांडा. पेगबॉक्सच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या खोबणीच्या, दोन भिंतींतल्या भोकांत तो बसतो आणि केवळ घर्षणावर तार धरून ठेवतो. व्हायोलिनच्या खुंटीचा उतार तिसाला एक असतो. म्हणजे तीस मिलिमीटर लांबीत जाडी एक मिलिमीटरने कमी होते. लेथवर मोर्स टेपरचं, म्हणजे असाच तिरका दांडा असलेलं ड्रिल नुसतं दाबून बसवलं की घट्ट धरतं, त्यातलंच हे तत्त्व. फक्त इथे खुंटी फिरायलाही हवी आणि थांबायलाही हवी. चार तारांचा मिळून वीस किलोहून जास्त ताण चार खुंट्यांवर असतो, आणि एवढं असून प्रत्येक खुंटी एका मुलीच्या दोन बोटांनी फिरावी अशी आपली अपेक्षा.

या उतारात एक हिशोब लपलेला आहे, तो कळला की निम्मं काम झालं. भोक झिजून दशांश मिलिमीटरने मोठं झालं तर खुंटी तीन मिलिमीटर आत जाते. अर्धा मिलिमीटर झिजलं तर पंधरा मिलिमीटर, म्हणजे डोकं जवळजवळ भिंतीला टेकलं आणि पलीकडच्या बाजूने टोक खिळ्यासारखं बाहेर आलं. म्हणून जुनं व्हायोलिन हातात घेतलं की मी आधी त्याला समोरून बघतो. चारही डोकी भिंतीपासून सारख्या अंतरावर आहेत का? मधे बोट आरामात जातंय का? एखादी खुंटी बाकीच्यांपेक्षा खोल गेली असेल तर आजार भोकाचा आहे. नवी खुंटी आणून तो बरा होत नाही.

भोक मोजायचं कसं? सात-आठ मिलिमीटरच्या भोकात व्हर्नियरचे आतले जबडे नीट बसत नाहीत, लाकूड खरवडतात. सोपा उपाय असा. तार उतरवायची, जुनी खुंटी नेहमीच्या जागी घट्ट बसवायची आणि पेन्सिलीने दांड्यावर खुणा करायच्या, डोक्याकडच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेला एक आणि पलीकडच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेला दुसरी. मग खुंटी काढून त्या खुणांवर जाडी मोजायची. पूर्ण मापाच्या, फारशा न झिजलेल्या व्हायोलिनला जाड बाजूला साडेसात-आठच्या आसपास आकडा येतो, बारीक बाजूला त्याहून पाऊण मिलिमीटर-एक मिलिमीटर कमी. साडेआठपर्यंत मी जाडसर खुंटी बसवून देतो. नऊच्या पुढे गेलं की सरळ सांगतो, भोकं लाकडाने बुजवून नव्याने पाडून घ्या. हे काम मी करत नाही, त्याला वाद्यांच्या कारागिराचा हात लागतो.

लोक विचारतात, जाड खुंटी घातली तर बिघडलं काय? बिघडतं ते सुरात. सात मिलिमीटर जाडीच्या खुंटीवर एका पूर्ण फेऱ्यात तार साधारण बावीस मिलिमीटर गुंडाळली जाते, नऊच्या खुंटीवर अठ्ठावीस. तुमची बोटं तेवढीच हलतात पण तार सव्वापटीहून जास्त ओढली जाते. सा जवळ आला आला म्हणता पुढे निघून जातो. परत मागे, परत पुढे. तबलजी हातोडी खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसतो.

आता दुकान. आपल्याकडे खुंट्या ‘सेट’ म्हणून विकतात आणि पाकिटावर जाडी लिहिलेली नसते. एकदा मी दुकानदाराला माप विचारलं तर तो म्हणाला, ‘काका, वायोलिननी ज छे ने!’ त्याचं चुकलं असं नाही, त्याला आजवर कुणी विचारलंच नसेल. म्हणून व्हर्नियर खिशात घेऊनच जायचं. साधा प्लास्टिकचा असला तरी चालेल. डोक्याखालच्या कंगोऱ्यापासून बारा-तेरा मिलिमीटर अंतरावर नव्या खुंटीची जाडी मोजायची. ती आपल्या भोकाच्या जाड बाजूपेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर जास्त हवी. नवी खुंटी थोडी तासूनच बसवायची असते, त्यामुळे जास्तीचं लाकूड लागतं. ती पहिल्या दिवसापासूनच भोकाएवढी असेल तर तासल्यावर डोकं भिंतीत घुसणार.

मग दोन ठिकाणी मोजायचं, बरोबर तीस मिलिमीटर अंतर ठेवून. फरक एक मिलिमीटर आला तर उतार बरोबर. काही खुंट्यांत तो सव्वा-दीड निघतो. असल्या खुंट्या एकाच भिंतीत अडकतात आणि दुसरीत खुळखुळतात. तासून उतार दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी पुरेसं लाकूड शिल्लक असायला हवं. यानंतर एकाच जागी व्हर्नियर धरून खुंटी पाव फेरा फिरवायची आणि परत मोजायचं. आकडा दशांशाहून जास्त बदलला तर खुंटी गोल नाही. ती एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागणार, आणि तुम्हाला वाटणार पावसाळ्याचा दोष.

गोलाईचा हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९०च्या आसपास मला हौस आली, आपल्या व्हायोलिनला देशी खुंट्या करून घेऊ. डभोईच्या पुढे संखेडा आहे. लाखेच्या रंगाचं खरादी फर्निचर तिथलं, बडोद्यातल्या निम्म्या लग्नांत संखेड्याचा झोपाळा आंदणात गेला असेल. एका खरादीकडे जुनी खुंटी नमुन्याला दिली. त्याने सागवानातून इतक्या देखण्या चार खुंट्या काढल्या की बघत राहावं. मरून रंग, सोनेरी रेघा, वर लाखेची झिलई. माझीच चूक, मी त्याला म्हटलं, दांड्यालाही झिलई द्या, शोभून दिसेल. माप त्याने डोळ्याने घेतलं होतं. झोपाळ्याच्या कड्यांना डोळ्याचं माप चालतं. मी घरी येऊन तारा चढवल्या, सा-प-सा-प लावलं, गज उचलला आणि पंचमाची खुंटी सर्रकन फिरून तार ढिली पडली. लाखेची झिलई म्हणजे घर्षण शून्य. झिलई खरवडून काढली तर खाली दांडा गोल नव्हता. सागवान तसं भुसभुशीत, महिन्याभरात तारेच्या भोकापाशी चीर गेली. त्या चारही खुंट्या आता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत आहेत. एकीवर चहाची गाळणी, एकीवर किल्ल्या. ही तिथे वीस किलो नाही पण दोन किलोची पिशवी छान धरते, असं सौ. म्हणते.

लाकडाबद्दल लोकांना जरा जास्तच काळजी असते, म्हणून थोडक्यात. आबनूस सगळ्यांत कठीण आणि टिकाऊ, पण माझ्या मते पेगबॉक्सचं लाकूड मऊ असेल तर आबनूसाची खुंटी भोक लवकर खाते. आपला शिसम त्याहून थोडा मऊ, तेलकट, हाताला छान वळतो. घरच्या व्हायोलिनला मी शिसम वापरतो. पिवळसर बॉक्सवुड दिसायला सुंदर आणि दाणा बारीक, फक्त वर्षांनी थोडं वाकू शकतं. तीनही चालतात. न चालणारी गोष्ट म्हणजे साधं लाकूड काळं रंगवून आबनूस म्हणून दिलेलं. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन दांडा पुसला की काळा रंग उतरतो. पण खऱ्या आबनूसालाही रंग एकसारखा दिसावा म्हणून कधी कधी काळा हात फिरवलेला असतो, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका. तारेच्या भोकात टॉर्च मारून बघा. आत फिकट लाकूड दिसलं तर रंगवलेलं आहे. खुंटी बसवून झाली आणि टोकाचा जादा तुकडा कापला की तो पेल्यातल्या पाण्यात टाकायचा. आबनूस बहुधा बुडतो, शिसम तरंगतो.

त्याहून महत्त्वाची लाकडाची रेघ. खुंटी उजेडात धरून बघा. रेघा दांड्याला समांतर सरळ जायला हव्यात. तिरक्या जाऊन बाजूला बाहेर पडत असतील तर ती तारेच्या भोकापाशी मोडणार, आणि मोडण्याआधी वाकडी होणार. डोक्यावरची शिंपली, कोरीव पान, सोनेरी कडं यांचे पैसे फक्त डोळ्याला द्यायचे असतात.

आपल्या बसण्याचा एक मुद्दा विलायती पद्धतीच्या शिकवणीत कुणी सांगत नाही. आपण मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं तोंड उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकतं. म्हणजे पेगबॉक्स पायाच्या शेजारी. खुंटीचं टोक भिंतीबाहेर पाव इंच आलं असेल तर तासाभराच्या साथीत ते घोट्याला टोचत राहतं. पाय सरकला, खुंटीला धक्का लागला, सुटली तार. म्हणून टोकं भिंतीशी सपाट कापून थोडी गोलसर घासलेली हवीत. डोकंही फार मोठं, हृदयाच्या आकाराचं वगैरे नको. मधे थोडं खोलगट असलेलं साधं डोकं अंगठ्यात चांगलं पकडता येतं, आणि मांडीवर आडवं घेऊन सूर लावतानाही हात घसरत नाही.

शिवाय आपल्याकडे खुंट्या फार फिरतात. विलायती वादक एकदा लावून ठेवतो आणि बारीक फरक शेपटीकडच्या स्क्रूने करतो. आपण साथीला बसलो की गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, चारही तारा खालीवर करायच्या. तेवढी मजल स्क्रूत नसते. त्यामुळे ‘स्क्रू आहेत ना, खुंटीचं काय’ हा सल्ला आपल्या कामाचा नाही.

आता दातेरी खुंट्या. बाहेरून लाकडाच्या दिसतात, आत बारीक गिअर असतात. बाहेरचं कवच भोकात स्थिर राहतं आणि आतला दांडा फिरतो, त्यामुळे भोक झिजत नाही. विटनर कंपनीच्या खुंटीत डोक्याचे साडेआठ फेरे झाले की दांड्याचा एक. दुसऱ्या काहींत चाराला एक. सांधेदुखी असलेल्या माणसाला हे वरदान आहे, माझ्या दोन वयस्क मित्रांच्या व्हायोलिनला मी बसवून दिल्यात. पण माझ्या स्वतःच्या वाद्याला नाही. खुंटी फिरवताना ती थोडी आत दाबायची, कान पिळल्यासारखी, आणि बोटाखाली सूर येऊन बसला हे बोटालाच कळतं, ती सवय मला सोडवत नाही. किंमतही साध्या सेटच्या कितीतरी पट. तार बदलताना साडेआठ फेऱ्यांनी मनगट दुखतं ते वेगळंच.

परवाच्या जुलैत शेजारच्या वहिनींची मुलगी आली. परीक्षा चार दिवसांवर, हातात नवा सेट.

‘काका, ही ए ची खुंटी सारखी सुटतेय. नवीन बसवून द्या ना.’

‘बघू दे आधी.’

खुंटी बाहेर काढली. दांड्यावर दोन चमकदार पट्टे होते, दोन्ही भिंतींच्या जागी, सारख्या रुंदीचे. म्हणजे बसणी उत्तम. एकच पट्टा असता किंवा एका बाजूलाच चकाकी असती तर चिंता होती. मग तार कशी गुंडाळली ते पाहिलं. तारेचे वेढे डोक्यापासून लांब, पलीकडच्या भिंतीकडे जात होते. तार खुंटीला बाहेर ढकलत होती.

‘ही तार कुणी चढवली?’

‘मीच. यूट्यूबवर बघून.’

‘बरं केलंस. आता परत चढव, पण वेढे डोक्याकडच्या भिंतीकडे येऊ देत. शेवटचा वेढा भिंतीला हलकेच टेकला पाहिजे. घासून दाबायचा नाही, नुसता टेकला पाहिजे. मग तार स्वतःच खुंटीला आत ओढते.’

तिने चढवली. त्याआधी मी दांड्यावर पट्ट्यांच्या जागी कोरडा कपड्याचा साबण एकदा फिरवला आणि वरून साधा पांढरा खडू. साबणाने खुंटी फिरते, खडूने थांबते. दोन्ही थोडं थोडं, आणि दोन-तीनदा फिरवून बघायचं. हिल कंपनीची खुंटीला चोळायची तपकिरी कांडी मिळते ती चांगलीच, पण खडू-साबणावर अनेकांचं आयुष्य निघालंय. तेल मात्र कधीच नाही, ना शिवणयंत्राचं ना खोबरेल. लाकडात मुरलेलं तेल परत निघत नाही. सेट मी तिला परत करायला लावला, दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, तारा दिल्या. सौदा वाईट नाही.

बडोद्याच्या हवेत नव्या खुंट्या बसवायचा मुहूर्तही बघावा लागतो. लाकूड रेघेच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं. त्यामुळे पावसाळ्यात गोल भोकही किंचित लंबगोल होतं, खुंटीही फुगते, आणि सगळं आवळून बसतं. ३१ जुलै २०१९ला शहरात एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस झाला. त्या आठवड्यात माझी मंद्र साची खुंटी अशी रुतली की हलेना. पक्कड लावण्याचा मोह झाला होता. पक्कड लावली की डोकं मोडतं. मी पेगबॉक्सखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला, बारीक टोकावर लाकडी लाटण्याची मूठ टेकवली आणि वरून हलके तीन टोले दिले. निघाली. उलट मेमध्ये, बेचाळीस अंशांत, हीच खुंटी रात्रीत ढिली होते आणि सकाळी तारा सैल पडलेल्या असतात. जुलैत घट्ट बसवलेली खुंटी मेमध्ये सुटणार आणि मेमध्ये बसवलेली जुलैत अडकणार. मी नवं काम दिवाळीनंतर घेतो, हवा मधली असते.

बसवायला द्याल तेव्हा कारागिराला दोन गोष्टी विचारा. भोक कोरून मोठं करायचा रीमर तिसाला एक उताराचाच आहे ना? आणि तासणी आहे का? खुंटी तासायची तासणी शिसपेन्सिलीच्या शार्पनरसारखीच असते, आत पातं, खुंटी फिरवली की पापुद्रे निघतात. ती नसेल आणि माणूस कानस-सँडपेपरवर काम उरकणार असेल तर नमस्कार करून वाद्य परत आणा. रीमरने भोक एकदा मोठं झालं की लहान होत नाही. दोन फेरे, मग खुंटी घालून बघायची, परत दोन फेरे. घाईने सहा फेरे मारणारा माणूस मला बघवत नाही.

आणि चारही तारा एकदम उतरवू देऊ नका. एकेक खुंटी, एकेक तार. सगळा ताण एकदम गेला तर घोडी पडते, आतला साउंडपोस्ट, म्हणजे उभा टेकूही कलंडतो. मग खुंटीसाठी गेलेलं व्हायोलिन पंधरा दिवस कारागिराकडे अडकून पडतं. नव्या खुंटीवर तार चढवल्यावर पहिले तीन-चार दिवस सूर उतरत राहील. रोज बसण्याआधी खुंटी किंचित आत दाबून फिरवा. आठवड्याने खुंटी बाहेर काढून पट्टे तपासा, दोन्ही बाजूंना सारखी चकाकी आली असेल तर टोकाचा जादा तुकडा कापायला हरकत नाही. त्याआधी नको, बसता बसता खुंटी अजून एखादा मिलिमीटर आत जाते.